अमेरिकेत कॉलेजच्या पुरुष गोल्फ संघाचं कोच व्हायचं तर

कॉलेज गोल्फ कोचचं मुख्य काम स्विंग शिकवणं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. अठरा वर्षांचा मुलगा संघात येतो तेव्हा त्याचा स्वतःचा स्विंग कोच असतो. त्याला तो दर आठवड्याला व्हिडिओ पाठवतो. नव्या कोचने पहिल्याच महिन्यात ग्रिप बदलायला लावली, तर दोन गुरूंच्या ओढाताणीत त्या मुलाचा अख्खा हंगाम वाया जातो. तुमचं काम वेगळं आहे. नऊ मुलं निवडायची, त्यातले पाच कोण खेळतील ते ठरवायचं, वर्गातली हजेरी आणि प्रवास यांचा मेळ घालायचा, पैसा उभा करायचा, आणि स्पर्धेच्या दिवशी मैदानाबद्दल नेमकं सांगायचं. ह्यूस्टन विद्यापीठाचे डेव्ह विल्यम्स मूळचे इंजिनिअरिंगचे शिक्षक. त्यांच्या संघांनी १९५६ ते १९८५ या काळात १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. संघ बांधता येणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती शिकता येते.

आधी गुणांचं गणित

नेहमीच्या स्पर्धेत पाच जण खेळतात आणि प्रत्येक फेरीत त्यातले चांगले, म्हणजे सर्वांत कमी फटक्यांचे, चार स्कोअर धरले जातात. समजा पार ७२ च्या (म्हणजे १८ होलांना ७२ फटके अपेक्षित असलेल्या) मैदानावर तुमच्या मुलांनी ७०, ७२, ७३, ७५ आणि ८१ केले. ८१ गळाला, संघाचा स्कोअर २९०. दुसऱ्या फेरीत पाचव्याने पुन्हा ८१ केले आणि चौथाही ८० वर गेला, तर त्या दोन्हींपैकी एकच गळतो. दुसरा गळ्यात पडतो आणि संघ एका फटक्यात पाच स्ट्रोक मागे जातो. ते पाच स्ट्रोक भरून काढायला तुमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला ६५ करावे लागतील. ते रोज होत नाही.

म्हणून अनुभवी कोच संध्याकाळी आधी चौथा स्कोअर बघतो. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू बहुतेकदा स्वतःला सांभाळतो. संघ वर किंवा खाली जातो तो चौथ्या-पाचव्यामुळे. तुमचा वेळ, स्कॉलरशिप आणि सरावाची आखणी याच हिशेबाने वाटा.

राष्ट्रीय अजिंक्यपदात हे आणखी ठळक होतं. डिव्हिजन एकमध्ये (एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या तीन गटांतला सर्वांत वरचा गट) तिथे ३० संघ येतात. तीन फेऱ्यांनंतर १५ उरतात, चौथ्या फेरीनंतर आठ. तिथून पुढे मॅच प्ले, म्हणजे एकास एक लढती. ही पद्धत २००९ पासून आहे. पाच लढती, तीन जिंकल्या की पुढे. इथे कुठलाच स्कोअर गळत नाही. पाचव्या मुलाचा एक गुण पहिल्याच्या एका गुणाइतकाच. शिवाय उपांत्यपूर्व आणि उपांत्य लढती एकाच दिवशी होतात, त्यामुळे दमसासही लागतो. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला कोस्टावर ओक्लाहोमा स्टेटने अंतिम लढतीत व्हर्जिनियाला ४-१ हरवलं. चार गुण एकटा स्टार आणू शकत नाही.

आत शिरायचं कुठून

सरळ डिव्हिजन एकच्या मुख्य कोचपदावर कुणी जात नाही. नेहमीची वाट अशी: कॉलेजात स्वतः खेळणं, मग एखाद्या विद्यापीठात एम.ए. किंवा एम.एस. करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट, मग सहायक कोच, मग लहान कॉलेजात मुख्य कोच. डिव्हिजन दोन, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी क्रीडा संघटना) आणि ज्युनिअर कॉलेजांच्या (तिकडची दोन वर्षांची कॉलेजं, आपली अकरावी-बारावी नव्हे) नोकऱ्यांकडे नाक मुरडू नका. डिव्हिजन तीनमध्ये एकच माणूस पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ बघतो, असं कितीदा तरी असतं. काम भरपूर, पण वेळापत्रक, बजेट, भरती, बसचं आरक्षण सगळं हाताखालून जातं. मोठ्या विद्यापीठात तीन वर्षं नुसत्या बॅगा उचलण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

भारतातून जाणाऱ्यालाही ही वाट बंद नाही. जीव मिल्खा सिंग टेक्सासच्या अबिलीन ख्रिश्चन विद्यापीठातून खेळले आणि १९९३ मध्ये डिव्हिजन दोनचे वैयक्तिक विजेते झाले. पुण्या-मुंबईचा एखादा मुलगा असाच तिकडे खेळून कोचिंगमध्ये राहू बघत असेल, तर व्हिसाचं गणित पहिल्या दिवसापासून मांडायला हवं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना सत्र चालू असेपर्यंत कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम त्यातच बसवावं लागतं. पदवीनंतर ओपीटीचे (त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे) १२ महिने मिळतात, पण काम शिक्षणाशी निगडित असावं लागतं. कोच व्हायचं असेल तर स्पोर्ट मॅनेजमेंट, कायनेसिऑलॉजी, एक्सरसाइज सायन्स यांतलं काही घ्या. फायनान्सची पदवी घेऊन ओपीटीवर गोल्फ शिकवतो म्हटलं की कागद अडतात. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागला, तर विद्यापीठांना वार्षिक मर्यादा आणि लॉटरी लागू नसते. हा मोठा फायदा आहे. मात्र शुल्काचे नियम २०२५ पासून बदलत आहेत, तेव्हा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी नोकरी स्वीकारण्याआधी बोला.

गोल्फ कोचेस असोसिएशन ऑफ अमेरिकेचं सदस्यत्व पहिल्याच वर्षी घ्या. ही संघटना १९५८ पासून आहे. नोकऱ्यांची खबर जाहिरातीच्या आधी तिथल्या ओळखीतून कळते. तिचा जॅन स्ट्रिकलँड पुरस्कार खास सहायक कोचसाठी आहे. कोणत्या सहायकांना तो मिळतोय याकडे लक्ष ठेवा, कारण पुढची मोठी पदं बहुधा अशाच लोकांकडे जातात.

मुलं शोधणं

भरतीच्या नियमांची परीक्षा दिल्याशिवाय कॅम्पसबाहेर मुलं बघायला जाता येत नाही. डिव्हिजन एकमध्ये मुलाची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचला त्याच्याशी भरतीबद्दल बोलता येत नाही, आणि अधिकृत भेट १ ऑगस्टपासून पुढे. पूना क्लबवर खेळणाऱ्या नववीतल्या मुलाचे आईवडील दहा कोचना ईमेल पाठवतात, एकाचंही उत्तर येत नाही, आणि मुलगा आवडला नाही असं ते धरून चालतात. खरं कारण पुष्कळदा हा नियम असतो. कोच म्हणून तुम्ही करायचं ते हे: ईमेल नीट जपून ठेवा, यादीत तारीख टाका, आणि १५ जूनला पहिला फोन तुमचा जाऊ दे.

स्विंगचा व्हिडिओ बघून मुलगा निवडू नका. एका वर्षातल्या सगळ्या स्पर्धांचे स्कोअर मागवा, आणि शेजारी मैदानाची लांबी आणि कोर्स रेटिंग (मैदान किती अवघड याचा आकडा) लिहा. ६,२०० यार्डांवरचे ७० आणि ७,००० यार्डांवरचे ७३ यांत दुसरा मुलगा घ्यावा. मग प्रत्येक स्पर्धेतली पहिली फेरी झाका आणि दुसरी-तिसरी बघा. पहिल्या दिवशी ६९ आणि शेवटच्या दिवशी ७९ असं वारंवार दिसत असेल, तर दमसास, जेवणखाण किंवा धीर यांपैकी काहीतरी कच्चं आहे. कोणतं, ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळणार नाही.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, थांबू नका. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पुढे तीस यार्डांवर, झाडाखाली उभे राहा. तिथून चिप (ग्रीनवर टाकलेला छोटा फटका) दिसते, पहिला पट (ग्रीनवरून होलकडे ढकललेला फटका) दिसतो, आणि मुख्य म्हणजे डबल बोगीनंतर (पारपेक्षा दोन फटके जास्त लागल्यावर) मुलगा पुढच्या टीकडे कसा चालत जातो ते दिसतं. डबल बोगीनंतरचे दोन होल वहीत वेगळे लिहा. फेरी संपल्यावर स्कोअरकार्ड तपासताना तो घाई करतो का, आणि आईवडिलांशी कसा बोलतो, हेही बघा. चार वर्षं हा मुलगा तुमच्याबरोबर गाडीत बसणार आहे.

परदेशी मुलांसाठी कागदपत्रांना निदान दहा-बारा महिने हाताशी ठेवा. भारतातल्या मुलाच्या नववीपासूनच्या गुणपत्रिका, दहावी-बारावीची बोर्डाची प्रमाणपत्रं, एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी, हौशी दर्जाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, मग व्हिसाची मुलाखत. शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं नुसतं गोल्फ खेळत बसलेल्या मुलाचे कॉलेजमधले हंगाम कापले जाऊ शकतात. बक्षिसाची रक्कम घेतली असेल तर ती कोणती, कधी, खर्च वजा जाता किती, ते आधीच विचारा. ऑगस्टमध्ये हे उघडकीस आलं तर जागा रिकामी राहते आणि तोपर्यंत बाजारात चांगला मुलगा उरलेला नसतो.

स्कॉलरशिप आणि पैसा

डिव्हिजन एकच्या पुरुष गोल्फला वर्षानुवर्षं ४.५ स्कॉलरशिपची मर्यादा होती. एकाला ७० टक्के, दुसऱ्याला ४० टक्के, असे तुकडे करून आठ-नऊ जणांत त्या वाटायच्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने हाउस खटल्यातली (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यातली) तडजोड मंजूर केली. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत २०२५-२६ पासून स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त ९ खेळाडू असा नियम आला. नऊच्या नऊ जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण विद्यापीठ तेवढा पैसा देईलच असं नाही. ज्यांनी तडजोड स्वीकारली नाही त्यांना जुनी मर्यादा लागू आहे. डिव्हिजन दोनमध्ये मर्यादा ३.६, आणि डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच. मुलाखतीला जाण्याआधी ते विद्यापीठ कोणत्या गटात आहे हे माहीत करून घ्या. त्यावर तुमची सगळी भरती ठरते.

पैसा कमी असेल तर अभ्यासात हुशार मुलगा शोधा. त्याला गुणांवरची स्कॉलरशिप मिळते आणि खेळाचा पैसा दुसऱ्यासाठी उरतो. लहान संघ टिकतात ते बहुतेक याच जोरावर.

देणग्या मागणं हा कामाचा भाग आहे, त्यात कमीपणा नाही. ओक्लाहोमा स्टेटचे माइक होल्डर १९७३ ते २००५ कोच होते. आठ राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, आणि कार्स्टन क्रीक हे संघाचं स्वतःचं मैदानही त्यांनी माजी विद्यार्थी आणि देणगीदारांना जोडून उभं केलं. ते १९९४ मध्ये सुरू झालं. तुम्ही लहानापासून सुरुवात करा: माजी खेळाडूंची यादी, वर्षातून एक प्रो-ॲम (व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंची एकत्र स्पर्धा), दर स्पर्धेनंतर चार ओळींचं पत्र. पैसे मागण्याआधी निदान सहा महिने नुसती बातमी पाठवत राहा.

बजेट मांडताना एका दौऱ्याचा हिशेब माणसांवरून करा. पाच खेळाडू आणि एक कोच, तीन रात्री: दोन-दोन-एक आणि कोचची एक अशा चार खोल्या, म्हणजे १२ खोली-रात्री. सहा जणांचं चार दिवसांचं जेवण, प्रवेश फी, मोठी गाडी, विमान असेल तर पाच गोल्फ बॅगांचं जादा सामान. याला स्पर्धांच्या संख्येने गुणा आणि वर दहा टक्के ठेवा, कारण पावसामुळे एखादी स्पर्धा तरी एक दिवस लांबतेच.

आठवड्याचे २० तास

हंगामात सक्तीच्या सरावाला आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर ८ तास. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासांचा धरतात. मैदानावरच्या सराव फेरीला चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला तरी चालतो, पण ते तास आठवड्याच्या वीसमधूनच जातात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याच मैदानावरची सराव फेरी मात्र ३ तासांचीच धरतात. म्हणजे रविवारी सराव फेरी ३ तास, सोमवार-मंगळवार स्पर्धा ६ तास. उरले ११. त्यात दोन दिवस जिम आणि दोन दिवस लहान फटक्यांचा सराव एवढंच बसतं.

मुलं स्वतःहून करतात तो सराव यात मोजत नाहीत, पण तो खरोखर ऐच्छिक हवा. तुम्ही त्याची हजेरी घेतली, किंवा सहायकाला नोंद ठेवायला सांगितलं, की तो सक्तीचा ठरतो. नियमभंगाची प्रकरणं बहुतेक अशीच, चांगल्या हेतूने, होतात. तासांची नोंद त्याच दिवशी संध्याकाळी भरा. महिन्याअखेर आठवून भरलेली नोंद तपासणीत टिकत नाही.

उरलेल्या ११ तासांत रेंजवर चेंडूंच्या बादल्या रिकाम्या करण्यात अर्थ नाही. ४० ते १२० यार्डांचे फटके, सहा फुटांच्या आतले पट, आणि लांब पटचा वेग. प्रत्येक सत्राला आकडा लावा: सहा फुटांवरून वर्तुळात दहा पट, आठ पडेपर्यंत थांबायचं नाही. स्ट्रोक्स गेन्डचे (सरासरीच्या तुलनेत कोणत्या प्रकारच्या फटक्यात किती कमावलं-गमावलं याचे) आकडे मुलांना दाखवा, पण एका वेळी एकच. सगळा तक्ता समोर ठेवला की मुलगा सगळं सुधारायला जातो आणि काहीच सुधारत नाही.

कोणते पाच?

संघातली भांडणं सगळ्यात जास्त इथे होतात. नियम ऑगस्टमध्ये लिहून द्या आणि मधेच बदलू नका. बहुतेकांना चालेल अशी रीत: चार फेऱ्यांची पात्रता, त्यातून तीन जागा, मागच्या स्पर्धेत पहिल्या दहात आलेल्याला थेट जागा, उरलेली जागा कोचच्या पसंतीची. पात्रतेच्या चारही फेऱ्या घरच्या मैदानावर घेऊ नका. तिथे लांब मारणारी मुलं पार-५ वर बर्डी लुटतात आणि बाहेरच्या अरुंद मैदानावर उघडी पडतात. दोन फेऱ्या दुसरीकडे घ्या, आणि झेंडे कोपऱ्यात लावा.

दर आठवड्याला नऊपैकी चार जण घरी राहतात. त्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे, कारण २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला मुलगा ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीतून) जाऊन लगेच दुसरीकडे खेळू शकतो. जमेल तिथे एक-दोघांना वैयक्तिक खेळाडू म्हणून (ज्याचा स्कोअर संघात धरत नाहीत) न्या. घरी राहिलेल्यांना त्याच दिवशी ३६ होल खेळायला लावायचे तर तेही तासांत धरा. आणि संघात नाव नाही हे मुलाला व्हॉट्सॲपवर कळू देऊ नका. समोर बसून, कारण आणि आकडा देऊन सांगा.

स्पर्धेच्या मैदानावर

सराव फेरी म्हणजे स्कोअर करायची फेरी नव्हे. प्रत्येक ग्रीनवर झेंडा लागू शकेल अशा चार जागी टीची छोटी खुंटी ठेवा आणि मुलांना तिथे पट आणि चिप करू द्या. ग्रीनची कोणती बाजू चुकली तर चालेल आणि कोणती मुळीच नको, ते ठरवा. उजवीकडून उतारावर चिप करावी लागत असेल तर दुसऱ्या दिवशी झेंडा उजवीकडे असला तरी मुलाने मधोमध मारावं, हे रविवारीच पक्कं झालं पाहिजे.

ग्रीनच्या नोंदी मुलाने स्वतः लिहाव्यात. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे ग्रीनच्या छापील नकाशाचं प्रमाण ५ यार्डांना ३/८ इंचापेक्षा मोठं नसावं, पुस्तक ४.२५ × ७ इंचांत मावावं, आणि हाताने केलेल्या ग्रीनच्या नोंदी खेळाडूच्या स्वतःच्या (किंवा त्याच्या कॅडीच्या) असाव्यात. तुम्ही छान तक्ता करून पाचही जणांना वाटलात तर दंड मुलाला बसतो.

बऱ्याच स्पर्धांत पहिल्या दिवशी ३६ होल असतात, सगळे चालत, बॅग स्वतःची. सोळा ते वीस किलोमीटर होतात. शेवटच्या नऊ होलांत स्कोअर पडतो तो बहुधा रिकाम्या पोटामुळे. दर चार-पाच होलांनी खायला द्या: अर्धं सँडविच, केळं, मीठ असलेलं पेय. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

स्पर्धेत सल्ला द्यायला परवानगी असते तेव्हा सगळीकडे धावू नका. पाण्याजवळचा सर्वांत अवघड पार-३ निवडा आणि तिथे उभे राहा. मुलं वेगवेगळ्या गटांत असल्याने पाचही जण एकामागून एक तुमच्यासमोरून जातात. वारा आणि नंबर सांगा, तेवढंच. टीवर स्विंगबद्दल एक शब्दही नको.

अभ्यासाचा आकडा

एपीआर, म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचा १,००० पैकी आकडा, नोकरी घालवू शकतो. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक मुलाला दर सत्रात दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक विद्यापीठात टिकल्याचा. नऊ मुलं, दोन सत्रं, म्हणजे ३६ गुण. दोन गेले तर ३४ भागिले ३६, म्हणजे ९४४. तीन गेले की ९१७. चार वर्षांच्या सरासरीला ९३० ची रेघ आहे आणि तिच्याखाली गेलं तर मोसमाअखेरच्या स्पर्धाच हातच्या जातात. फुटबॉलच्या मोठ्या संघात एक मुलगा नापास झाला तर लपून जातं, गोल्फमध्ये नाही. सप्टेंबरमध्येच सगळ्या दौऱ्यांच्या तारखांची पत्रं प्राध्यापकांना मुलांच्या हातून पाठवा, आणि मंगळवारची प्रयोगशाळा असलेला विषय हंगामात घेऊ देऊ नका.

मुलाखतीला काय न्यायचं

चार कागद पुरेत. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक, २४ स्पर्धादिवसांच्या मर्यादेत बसवलेलं. सध्याच्या संघातला प्रत्येक मुलगा कोणत्या वर्षी पदवी घेणार आणि त्याच्या जागी कोण, याचा तक्ता. वर सांगितल्याप्रमाणे एका दौऱ्याचं बजेट. आणि स्वतःची स्पर्धा भरवायची योजना. यजमानपद असलं की इतर कोच तुम्हाला बोलावतात, आणि चांगल्या संघांशी खेळल्याशिवाय क्रमवारी सुधारत नाही. १५ संघ म्हणजे ७५ खेळाडू, तिघांचे २५ गट. शॉटगनने (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून) सुरुवात केली तर ११ होलांवर एकेक आणि सात होलांवर दोन-दोन गट. फेरीला पाच तास धरले तर ३६ होलांना दहा तासांहून जास्त उजेड हवा. ऑक्टोबरअखेर उत्तरेकडच्या राज्यांत तो जेमतेम मिळतो, तेव्हा तारीख सप्टेंबरमध्येच धरा.